अरबाची बायको

गेल्या महिन्यात नातीचा पुण्याहून फोन आला. तिच्या लग्नाला आता सात महिने झाले. नातजावई सौदी अरेबियात दम्मामला इंजिनियर आहे. त्याला कुटुंब नेण्याचा व्हिसा मिळाला, म्हणजे आता हिने नोकरी सोडून तिकडे जायचं असं ठरतंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास. मग सांग ना, मी तिथे कशी राहीन?"

इतिहासाच्या बाईला भविष्य विचारणारी ही पहिलीच विद्यार्थिनी! मी म्हटलं, "विचार करून सांगते." फोन ठेवला, चहा टाकला, आणि डोळ्यांपुढे आली ती दम्माम नव्हे, तर आमच्या जुन्या जालन्यातली गल्ली आणि तिथे राहणारी खाला.

खालाबद्दल लिहीन लिहीन म्हणता किती वर्षं गेली. आज लिहून टाकते. आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींना ती आठवत असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांचं बालपण मराठवाड्यात गेलं, त्यांना चाऊस हे आडनाव नवीन नाही. जालना, औरंगाबाद, परभणी, नांदेड, सगळीकडे ही घरं आहेत. चाऊस हा मूळचा तुर्की फौजेतला शब्द, आपल्या हवालदारासारखा. ही मंडळी मूळची अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हद्रमौत नावाच्या मुलखातली. आज तो भाग येमेनमध्ये येतो. खडकाळ, कोरडा प्रदेश. पोट भरेना म्हणून तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या बाहेर पडायचे. कुणी जावा-सिंगापूरला व्यापाराला गेले, कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्याला, आणि कुणी आपल्याकडे शिपाईगिरीला. नागपूरकर भोसल्यांकडेही अरब पलटणी होत्या. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांविरुद्ध नागपूर शहर महिनाभर लढवत ठेवलं ते या अरबांनीच. पुढे त्यांचं मोठं ठाणं झालं ते निजामाचं हैदराबाद संस्थान, आणि १९४८ पर्यंत आमचं जालना त्याच संस्थानात होतं.

मराठवाड्यात त्यांच्याबद्दलच्या आठवणी काही सगळ्याच चांगल्या नाहीत. अरब आणि रोहिले सावकारीही करत. वसुलीला दाराशी येऊन बसत, कर्जदाराला डांबूनही ठेवत. पहिल्या सालारजंगाने दिवाणगिरीत त्यांना बराच लगाम घातला, पण धास्ती शिल्लक राहिली. माझ्या लहानपणी रडणाऱ्या पोराला "अरब येईल हं" असं सांगणाऱ्या आजीबाई होत्या.

आता गंमत अशी, की हद्रमौतमधून येत ते पुरुषच. तिथल्या बायका समुद्र ओलांडत नसत. म्हणजे अरबांचे संसार झाले ते इथल्याच मुलींशी. चाऊसांच्या घरातली आजी, पणजी, खापरपणजी सगळ्या आपल्या मातीतल्या. पुस्तकं सांगतात, अरब कुठून आले, कोणत्या जमादाराकडे किती शिपाई होते. त्यांच्या चुली कुणी पेटवल्या ते मात्र कुठे सापडत नाही.

आमची खाला ही अशीच. परतूरजवळच्या एका खेड्यातल्या पिंजाऱ्याची मुलगी. आमच्याइतकंच अस्सल मराठवाडी मराठी बोलायची. ज्वारीची भाकरी अशी थापायची की माझी आई आम्हा मुलींना तिच्याकडे शिकायला पाठवी. नवरा निजामाच्या अरब शिपायांच्या जमियतमध्ये होता. तो हद्रमौतमध्ये जन्मलेला, म्हणजे खरा परदेशी. खालाने मात्र समुद्र सोडाच, मुंबईसुद्धा पाहिलेली नव्हती. तरी गल्लीतली मोठी माणसं पाठीमागे तिला "अरबाची बायको" म्हणत. पुढे बायकांनी ते आणखी आखूड करून "अरबीण" केलं.

मग १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करायलाच हवा, माझ्या मामांनी त्यासाठी तुरुंग पाहिला आहे. पण त्याच दिवसांत अरबांच्या पलटणी मोडल्या. पुष्कळांना स्थानबद्ध केलं, आणि जे मूळचे तिकडचे होते अशा अनेकांना मुंबईहून बोटीने एडनकडे रवाना केलं. खालाचा नवरा त्यात गेला. मागे खाला आणि दोन लेकरं. माझा जन्म १९५० चा, त्यामुळे पुढचं सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

वर्षभराने त्याचं पत्र आलं. अरबी भाषेत. खाला ते घेऊन माझ्या वडिलांकडे आली. वडील शाळेत मास्तर, निजामी अमदानीत शिकलेले, उर्दू उत्तम. लिपी ओळखीची असल्यामुळे त्यांनी पत्र मोठ्याने घडाघडा वाचून दाखवलं. पण अर्थ ना वाचणाऱ्याला कळला, ना ऐकणारीला! आई सांगायची, खाला तरीसुद्धा शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत बसली होती. नंतर एका मौलवींकडून अर्थ कळला. मी मुकल्ल्याला आहे, मुलांना घेऊन ये, इथे माझी पहिली बायको आहे, ती तुला सांभाळून घेईल.

पहिली बायको! खालाला हे तेव्हा कळलं.

वडिलांनी शाळेतला नकाशा उघडून तिला मुकल्ला दाखवलं. अरबस्तानाच्या काठावरचा एक ठिपका. तिने एक बोट तिथे ठेवलं, दुसरं जालन्यावर, आणि बराच वेळ मधल्या निळ्या रंगाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, इथं मला अरबीण म्हणतात. तिथं गेले तर काय म्हणतील?"

वडील म्हणाले, "तिथे हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला हिंदी म्हणतात."

"मंजे तिथं बी परकीच," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून घरी गेली. ती गेली नाही. पत्र मात्र शेवटपर्यंत पेटीत होतं.

वाचकहो, हा प्रसंग आईकडून मी शंभर वेळा ऐकला असेल. आणि दर वेळी मनात यायचं, खाला गेली असती तर? मुकल्ल्यात तिचे दिवस कसे गेले असते?

त्याचं थोडंसं उत्तर मला निवृत्तीनंतर मिळालं. भाच्याने लंडनहून एक जुनं पुस्तक आणून दिलं, 'अ टाइम इन अरेबिया'. लेखिका डोरीन इंग्रॅम्स. पुस्तक १९७० चं, पण हकिकत आहे १९३४ ते १९४४ च्या सुमाराची. मी मराठी माध्यमातली बी.ए. माणूस. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला मला दोन पावसाळे लागले. पण वाचलं. खाला जिथे गेली नाही, त्याच मुकल्ल्यात थोडीच वर्षं आधी दुसरी एक परकी बायको संसार करून गेली होती.

डोरीन मूळची नाटकात काम करणारी इंग्रज मुलगी. नवरा हॅरल्ड इंग्रज सरकारचा अधिकारी. १९३४ मध्ये तो एडनला आला आणि त्याच्याबरोबर ही. (एडन म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांना जिथे ठेवलं आणि १८८३ मध्ये जिथे त्यांनी देह ठेवला, तेच. १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा आणि आपला रुपया तिथे १९५१ पर्यंत चलनात होता. इतकं ते आपल्याला जवळचं!) तिथून दोघे गाढवावर, उंटावर बसून हद्रमौतच्या आतल्या खोऱ्यांत गेले आणि पुढे मुकल्ल्यात राहिले.

तिथलं जग कसं होतं? शिबाम गावी मातीच्या विटांची सहा-सहा, सात-सात मजली घरं, आजही उभी आहेत. या घरांत पुरुषांची बैठक वेगळी, बायकांचे मजले वेगळे. परक्या पुरुषाची सावलीसुद्धा बायकांच्या भागात पडत नसे. थोरामोठ्यांच्या घरातल्या बायका बाहेर जवळजवळ पडतच नसत. गरीब बायका मात्र उंच टोकदार गवती टोप्या घालून शेतात राबत आणि शेळ्या वळत. म्हणजे पडदा हीसुद्धा ऐपतीची गोष्ट! आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? वाड्यातल्या सुना उंबऱ्याआड आणि खुरपायला जाणाऱ्या बाया रानात.

डोरीन अरबी शिकली, तिथल्या बायकांसारखे कपडे घालू लागली. तिची खरी मिळकत ही, की नवऱ्याला जिथे पाऊल टाकता येत नव्हतं तिथे ती बसून गप्पा मारू शकत होती. हॅरल्डला बैठकीत कळायचं ते अर्धं हद्रमौत. उरलेलं अर्धं माडीवर होतं आणि त्याची किल्ली बायकोकडे. १९३७ मध्ये तिथल्या हजारावर टोळीप्रमुखांनी आपसातली भांडणं थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या. ती शांतता इंग्रॅम्सच्याच नावाने ओळखली जाते. त्यात तिचाही वाटा होता. नंतर लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पदक दिलं ते दोघांना मिळून.

माडीवर तिला जो समाज दिसला, तो वाचताना मला तर आपलंच गाव आठवत होतं. सगळ्यात वर सय्यद, मग शेख, मग टोळीवाले, खाली कष्टकरी. सय्यदाने खालच्या घरातली किंवा परदेशातली बायको केली तर चालायचं. सय्यदाची मुलगी मात्र बाहेर द्यायची नाही. सिंगापूरमध्ये १९०५ च्या सुमाराला अशा एका मुलीचा एका हिंदुस्थानी मुसलमानाशी विवाह झाला, तर त्यावरून अरबांमध्ये मोठं वादंग माजलं, फतवे निघाले. म्हणजे परकी सून चालते, परका जावई नाही. दोन्हींकडे धर्म एकच होता, तरीही. जात नावाची गोष्ट आपण एकट्यानेच जन्माला घातली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

आणि नवरे? ते परदेशात. वर्षानुवर्षं. बायको खोऱ्यात, दुसरा संसार जाव्यात किंवा हैदराबादेत. बाहेरदेशी जन्मलेल्या अशा मुलांना 'मुवल्लद' असा वेगळा शब्दच होता. तरीमसारख्या गावात मलय भाषा सर्रास कळायची, इतकी ही ये-जा. मुकल्ल्याचे सुलतान तर आपल्या बाजूचेच म्हणायचे. कुऐती हे त्यांचं घराणं हैदराबादच्या जमादारीवर मोठं झालं आणि इथल्याच पैशावर त्यांनी तिकडे राज्य कमावलं. १९३६ पासून गादीवर असलेले सुलतान सालेह हैदराबादेतच वाढलेले होते. म्हणजे खाला गेली असती तर तिला दखनी बोलणारं कुणीतरी नक्की भेटलं असतं. हा विचार माझ्या मनात आला तेव्हा उगीचच बरं वाटलं.

पण लगेच पुढचं प्रकरण वाचलं आणि ते बरं वाटणं गेलं. १९४२ मध्ये जपानने जावा-सिंगापूर घेतलं. तिकडून येणाऱ्या मनीऑर्डरी बंद. वर पाऊस नाही. १९४३-४४ मध्ये हद्रमौतमध्ये भयंकर दुष्काळ पडला, हजारो माणसं मेली. डोरीन तेव्हा निव्वळ साहेबाची बायको उरली नाही. अन्नछत्रं, आजारी माणसं, अनाथ मुलं हे सगळं तिने अंगावर घेतलं. १९४८-४९ मध्ये तिथे पुन्हा दुष्काळ पडला. नेमकी हीच वेळ हैदराबादेतून अरबांच्या बोटी तिकडे जाण्याची! एडनच्या इंग्रज सरकारलाही ही जास्तीची तोंडं नको होती. खालाच्या नवऱ्याने "ये" म्हणून लिहिलं ते अशा काळात. ती गेली असती तर दोन उपाशी लेकरं घेऊन दुसरी बायको म्हणून एका उपाशी गावात उतरली असती.

डोरीनच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण दोघींतला फरकही लपवता येत नाही. डोरीनच्या पाठीशी इंग्रजांचं राज्य होतं. तिला दार उघडलं गेलं ते ती सल्लागार साहेबांची बायको म्हणून. खालाच्या पाठीशी कोण? आणि कायदाही असा, की बाईचं स्वतःचं असं काही नाहीच. इंग्लंडात १९४८ पर्यंत परदेशी माणसाशी लग्न केलं की बाईचं इंग्रज नागरिकत्व जायचं. जगभर बायको म्हणजे नवऱ्याच्या कागदावरची एक ओळ.

आता एक कबुली. इतका वेळ मी समाजाला बोल लावते आहे, पण त्यात मीही होते. १९७३ ची गोष्ट. मी नुकतीच शाळेत लागले होते. खालाची नात पहिलीत आली. प्रवेशाचा अर्ज भरताना 'मूळ गाव' असा रकाना होता. आडनाव पाहिलं आणि मी, न विचारता, लिहून टाकलं : अरबस्तान. मला वाटलं, केवढी आपली इतिहासाची जाण!

दुसऱ्या दिवशी खाला शाळेत आली. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "बाई, माझ्या मांडीवर खेळलीस तू. माझं गाव तुला ठावं न्हाई? परतूर लिही."

मी खोडलं आणि परतूर लिहिलं. हात थरथरत होता. जिने समुद्र ओलांडायचा नाही म्हणून नवरा सोडला, तिला मी एका रकान्यात समुद्रापार टाकून आले होते. ती मला 'बाई' म्हणाली, 'लेकी' म्हणाली नाही, ते अजून टोचतं.

खाला १९८१ मध्ये गेली, आपला जालना जिल्हा झाला त्याच वर्षी. मुकल्ल्याची ती सुलतानी त्याआधीच संपली होती. कधी, माहीत आहे? १७ सप्टेंबर १९६७. आपल्या मुक्तिदिनाचीच तारीख! योगायोग म्हणून सोडून द्या, पण मला दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाच्या वेळी खाला आठवते.

असो. नातीच्या प्रश्नाकडे येते.

सौदी अरेबिया आता खालाच्या काळचा राहिलेला नाही आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही नाही. माझ्या दोन विद्यार्थिनी नव्वदच्या दशकात तिकडे होत्या. त्या सांगायच्या, काळा अबाया घातल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. गाडी चालवायची नाही, भाजी आणायलासुद्धा नवरा घरी येण्याची वाट पाहायची, नमाजाच्या वेळी दुकानाचं दार धाडकन बंद. देवाचा फोटो कपाटाच्या आत. गणपती यायचा तो पडदे लावून, आरती हलक्या आवाजात. पण त्याच सांगायच्या की शेजारच्या अरब बाईने बाळंतपणात आईसारखं केलं. पुन्हा तेच. बैठकीतलं जग वेगळं आणि माडीवरचं वेगळं.

पुढे पुष्कळ बदललं. २०१६ मध्ये तिथल्या धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार गेला. २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवू लागल्या, त्याच वर्षी सिनेमागृहं उघडली. २०१९ पासून परदेशी बायकांवरची अबायाची सक्तीही गेली. हे सगळं चांगलंच आहे. पण नातीने मला तिच्या व्हिसाबद्दल जे सांगितलं, ते ऐकताना माझे कान टवकारले. तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर अवलंबून. त्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम हलला. बाहेर ये-जा करण्याचा परवानाही अर्ज करून काढायचा तो त्यानेच. त्या परवान्यावर सरळ नोकरी करता येत नाही. शिवाय २०१७ पासून कुटुंबातल्या माणसामागे दरमहा कर बसला, शंभर रियालपासून सुरू होऊन २०२० मध्ये चारशेवर गेला. तिथेच नर्स म्हणून गेलेल्या मुलीचा इकामा मात्र तिच्या स्वतःच्या कामावर असतो. गाव तेच, ऊन तेच, पण एक आपल्या कामाच्या नावावर राहते आणि दुसरी नवऱ्याच्या.

अबाया सुटला, स्टिअरिंग हातात आलं, पण कागदावरची ती ओळ अजून तिथेच आहे.

मी नातीला फोन केला आणि म्हटलं, "जा. जरूर जा. नवरा चांगला आहे, तुझं वय आहे, जग बघ. पण तीन गोष्टी कर. एक, नोकरीचा राजीनामा देऊ नकोस, बिनपगारी रजा मागून बघ. दोन, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं, बँकेचं खातं स्वतःच्या हाताखाली ठेव, आणि अडचण आलीच तर आपल्या वकिलातीचा आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीयांच्या कक्षाचा नंबर जवळ असू दे. तीन, अरबी शिक. मराठी मंडळ आहेच, पण तेवढ्यातच राहू नकोस. शेजारणीच्या घरी जा, तिच्या चुलीपर्यंत जा."

ती म्हणाली, "आजी, नवऱ्यावर विश्वास नाही का तुझा?"

मी म्हटलं, "खालाच्या नवऱ्याने तिला कधी एक बोट लावलं नव्हतं गं. माणूस चांगलाच होता. सरकार बदललं, बोट सुटली, आणि चांगल्या माणसाची बायको एका दिवसात कुणाचीच उरली नाही. भरवसा माणसावर ठेवावा. कागदावर नाव मात्र आपलं असावं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, रजेचा अर्ज उद्याच देते.

परवा बाजारात खालाचा पणतू भेटला. मोसंबीचा गाडा लावतो. त्याला सांगितलं, आमची नात अरबस्तानात चाललीय. तो हसून म्हणाला, "बाई, आमच्या खानदानातलं तर तिकडं कोणीच नाही आता. तुमचंच कोणीतरी चाललं म्हणायचं!" आणि दोन मोसंबी जास्तीची टाकली पिशवीत.